पायाखालचं स्वयंपाकघर

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, सारी उमर विमानाच्या तळघरात राबल्या. विमानाला तळघर असतं असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलेच असते. पण त्या काळच्या काही थोराड विमानांना असायचं. वर माणसं खुर्च्यांवर, खाली सामानाची खोली, आणि तिच्या भिंतीला लागून वन्संचं स्वयंपाकघर. खिडकी नाही. दोन्ही अंगांना भट्ट्या, मध्ये एका माणसापुरती वाट. जेवण जमिनीवरूनच शिजून यायचं. वन्सं ते तापवायच्या, चाकाच्या गाडीत ताटं रचायच्या आणि कपाटाएवढ्या लिफ्टमधून वर धाडायच्या.

वर फिरायचं कामही त्यांना मिळत होतं. पण म्हणायच्या, "अगं, वर तोंडाला इस्त्री करून ठेवावी लागते. खाली भट्टीला माझं तोंड कसंही चालतं."

नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं, पोरगी हवाई सुंदरी झाली. मग खरं काय ते कळलं. "रांधायचंच होतं तर माझी चूल काय विझली होती?" एवढं बोलल्या आणि लेकीशी अबोला धरला, तो वर्षानुवर्षं. वन्सं घरी आल्या की सासूबाई भिंतीला सांगायच्या, "चहा झालाय म्हणावं, कोणाला घ्यायचा असेल तर." वन्संनी केलेलं मात्र तोंडात घालायच्या नाहीत. जेवायच्या तर माझ्या हातचं, तेही चटका बसेल इतकं गरम. पोट भरलं की वाटी ताटात उपडी घालायच्या. म्हणजे आता कोणी आग्रह करायचा नाही.

पुढे सासूबाईंचं काळीज कुरकुरायला लागलं. लांबच्या शहरात मोठं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी खात्री काही दिली नाही. वन्संनी त्याच विमानावर काम मागून घेतलं, जातानाचं आणि येतानाचंही. मला बजावलं, "तिला सांगू नकोस. मी आहे कळलं तर उपाशी राहील. एकदा तरी माझ्या हातचं तिच्या पोटात जाऊ दे. पुन्हा कधी, कोणाला ठाऊक."

सासूबाईंच्या शेजारी मी बसले. ताट आलं. वाफ नाकात गेली तशा सासूबाई वाढणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "सगळ्यांचं कोमट, माझंच कसं गं एवढं गरम?"

पोरगी बिचारी भाबडी. "आजी, खाली आमच्या ताई आहेत ना! तुमचं ताट भट्टीतून शेवटी काढलंय त्यांनी. या आजींना गार चालत नाही म्हणाल्या."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे. बाहेर ढगांशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

"खाली म्हणजे कुठे?" त्यांनी विचारलं.

"इथेच, तुमच्या पायाखाली."

आता ताट परत जाणार, असं मी धरून चालले. सासूबाईंनी चपला काढल्या. पाय उचलून वर घेतले आणि खुर्चीतच मांडी घातली. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "आजी, अवघडाल हो."

"अवघडू दे. लेक आहे खाली. तिच्या डोक्यावर पाय ठेवून जेवू का?"

एक शीत उरलं नाही. वाटी उपडी घातली.

मी हळूच विचारलं, "बोलावू का वन्संना?"

"कामात असेल. येताना भेटू म्हणावं."

खाली वन्संनी परत आलेल्या गाड्यांतून एकेक ताट ओढून पाहिलं, उपडी वाटी सापडेपर्यंत. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, मी दवाखान्यात होते तेव्हा. मग मी निरोप दिला.

"येताना म्हणाली? आई?"

"हो."

वन्संनी मला तो निरोप पुन्हा एकदा, शब्दन् शब्द म्हणायला लावला.

सासूबाई ऑपरेशनमधून उठल्याच नाहीत.

येतानाच्या विमानात त्यांना पेटीत घालून खालच्या सामानाच्या खोलीत ठेवलं. वन्संचे साहेब त्यांना म्हणाले, रजा घ्या, वर बसून या. वन्सं म्हणाल्या, "नको. आमचं येताना भेटायचं ठरलंय." आणि एप्रन बांधून खाली गेल्या. त्या दिवशीही एकाही माणसाला गार जेवण गेलं नाही.

नंतर मी विचारलं, "खाली काय केलंत हो एवढा वेळ?"

"बोलले. भिंतीशी. तिच्याचकडून शिकले ना." मग म्हणाल्या, "भट्ट्यांचा आवाज फार गं. ओरडूनच बोलावं लागलं."

वर माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी चपला काढल्या आणि पाय वर घेतले. आता खाली दोघी होत्या.