फिनलंडला मिळालेला पासपोर्ट

"अंकल, अब्बा इज नो मोअर." सलीमभाईंच्या मुलाचा, इरफानचा, शारजाहून फोन आला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "नक्की का? डॉक्टरांनी नीट बघितलं ना?" फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं आणि मग रडू... हा प्रश्न सलीमभाईंचा होता. अबुधाबीजवळ मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमध्ये आणि एकाच खोलीत वर्षानुवर्षं काढल्यावर त्यांचा संशयी स्वभाव मलाही चिकटला होता.

सलीमभाई मूळचे रत्नागिरीकडचे, आमच्या वर्कशॉपचे फोरमन. टोमॅटो घेताना आधी खोक्याच्या तळाचे उपसून बघणार. साहेब हसून बोलला तर संध्याकाळी खोलीत बजावणार, "आज साहेब गोड बोलला, सावंत. जपून राहा." आम्ही थट्टा करायचो, पण ते दर वेळी चुकायचे असंही नाही. तिथे आमचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असत. हातात यायचे ते रजेवर जाताना, नाहीतर कायमचं घरी पाठवताना. नव्वदीच्या शेवटी शेवटी कंपनीने पत्रे वाकवायचं नवं मशीन घेतलं आणि ते शिकायला आम्हा दोघांना आठवडाभर फिनलंडला धाडायचं ठरवलं. पासपोर्ट हातात पडले तसा सलीमभाईंचा चेहरा उतरला. "आपण रजा मागितली? नाही ना? मग हे काय? खलास, सावंत. फिनलंडचं नुसतं निमित्त. व्हिसा कॅन्सल करून बाहेर काढतायत." त्यांनी प्रेशर कुकरसकट सगळा संसार बॅगेत भरला. मी त्यांना हसलो आणि गुपचूप माझंही सामान जरा जास्तच घेतलं.

सुट्टीच्या दिवशी मशीनवाल्या कंपनीतला एक म्हातारा इंजिनियर आम्हाला गावाबाहेर नदीकाठी घेऊन गेला. नदी गोठलेली. काठाने झाडीतून बर्फाच्या रुंद वाटा गेलेल्या, मध्येच एकमेकींना मिळणाऱ्या. यंत्राने बर्फ दाबून त्यात जोडीने चरी पाडल्या होत्या. स्कीच्या लांब पट्ट्या पायाला बांधायच्या, त्या चरीत ठेवायच्या आणि दोन काठ्या टेकत सपाटीवर सरकत राहायचं. सलीमभाई आधी तिकिटाची खिडकी शोधू लागले. ती नाहीच म्हटल्यावर म्हणाले, "एवढी नीट केलेली वाट फुकट? परत येताना घेत असतील." मग माझ्या कानाशी, "आज मुद्दाम फिरायला आणलंय. तिकडे ऑफिसात आपली कागदपत्रं हलत असणार." मला थंडीने हुडहुडी भरली होती, त्यात हे. खोटं कशाला सांगू, त्या भल्या म्हाताऱ्याकडे मीही वाकड्या नजरेने बघायला लागलो होतो.

दोनदा आपटल्यावर सलीमभाईंना ते जमलं. चरी पाय सोडत नव्हत्या. ते पुढे गेले, नदीच्या वळणाआड दिसेनासे झाले. मी धडपडत पोचलो तर काठ्या रोवून उभे. मागेपुढे कोणी नाही याची खात्री करून म्हणाले, "पोरीचं, रुबीनाचं लग्न ठरलंय, उन्हाळ्यात. कोणाला बोललो नाही, कोणी भांजी मारायला नको. पण आता नोकरी गेली तर कुठल्या तोंडाने उभा राहू?" इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर टाकलेला हा पहिला विश्वास होता. मला फार बरं वाटलं, हे आज मोकळेपणाने सांगतो.

अबुधाबीत उतरल्यावर शिक्का बसला, व्हिसा शाबूत होता. दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी आपणहून पासपोर्ट साहेबाच्या टेबलावर ठेवला. कोणी मागितला नव्हता. "ठेवा साहेब, तिजोरीत ठेवा," म्हणताना चेहरा ईदच्या सकाळसारखा. आणि उन्हाळ्यात लग्नासाठी रजा मागितली तेव्हा साहेबाने तिजोरी उघडली नाही. "मशीन तूच चालवतोस. उन्हाळा जाऊ दे, मग इन्शाल्ला." मशीन शिकलेला माणूस गावी गेला की दुसऱ्या कंपनीत जाईल, असा वहीम साहेबाला आला होता. सलीमभाई पुष्कळ भांडले, मीही भांडलो. शेवटी निकाह त्यांनी टेलिफोन बूथमधून ऐकला. बाहेर मी उभा होतो. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, "संशय घेतला, पण नको तिथे घेतला."

दफन झाल्यावर रुबीना रत्नागिरीहून पोचली. मी शारजाला, अल मजाजमधल्या इरफानच्या घरी भेटायला गेलो. तिने मला आतल्या खोलीत बोलावलं. "काका, अब्बांनी बर्फातला फोटो पाठवला होता. हसतायत. फिनलंडला फिरायला पासपोर्ट मिळाला, आणि माझ्या लग्नाला मिळाला नाही?" सासरी हा प्रश्न तिला विचारला गेला होता, आणि नंतर तिने स्वतःलाच. वडिलांना मात्र कधी विचारला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं... तिजोरी, साहेब, बूथ, आणि नदीच्या वळणावर मागेपुढे बघून घेतलेलं तिचं नाव. तिने मग डोळे बारीक करून, मान किंचित कलती करून माझ्याकडे बघितलं. थेट सलीमभाई.

"तुम्ही त्यांचे दोस्त," ती म्हणाली. "तुम्ही असंच सांगणार."