साईटची वाटणी

माझ्या दोन भावांनी बाबांच्या मुलुंडच्या दुकानाची वाटणी केली, तेव्हा दुकानापेक्षा जास्त भांडण साईटवरून झालं. साईट मी बनवलेली. लग्न होऊन घाटकोपरला आल्यापासून मी दुकानाचा मालवणी माल ऑनलाइन विकत होते. कुणीही ‘मालवणी मसाला’ असं सर्च केलं की आम्ही पहिले यायचो. बहुतेक ऑर्डरी तिथूनच. हा पहिला नंबर गेला तर दोघांचाही धंदा बसेल, एवढं मला दिसत होतं. भावांना फक्त एकमेकांचा वाटा दिसत होता.

ठरलं असं की मसाले दादाचे, आणि कोकम, आगळ, कुळथाचं पीठ धाकट्याचं. धाकटा आपला संसार बोरिवलीला घेऊन गेला. दोघांना दोन नव्या साईटी हव्या होत्या. वाटणीत मला कुणी काही विचारलं नाही. मी एक तर मुलगी, त्यात कॉम्प्युटरवाली.

“साईटच्या जुन्या पत्त्याचं काय करायचं?” मीच विचारलं.

“बंद कर ना,” दादा म्हणाला. “उगाच झंझट कशाला?”

बंद केलं असतं तर वाट लागली असती. गिऱ्हाइकांनी जपून ठेवलेल्या लिंका, स्वयंपाकाच्या ब्लॉगवर बायकांनी केलेली आमची शिफारस, सगळं त्या जुन्या पत्त्यावर होतं. जुन्या प्रत्येक पानावरून माणूस आपोआप योग्य त्या नव्या पानावर जायला हवा. तरच सर्चला कळतं की दुकान मेलेलं नाही, नुसतं हललंय. हे भावांच्या गळी उतरेना. शेवटी मी विचारलं, “गावच्या वाटणीत विहीर कोणाची झाली?”

“सामाईक,” दादा म्हणाला.

“आणि विहिरीची पायवाट?”

“ती वहिवाट आहे. ती कोण अडवणार?”

“मग हा पत्ता म्हणजे विहीर समजा,” मी म्हटलं. दोघांना लगेच पटलं. मी स्वतःवरच खूश झाले.

थोडे दिवस झकास चाललं. मग दादाच्या लक्षात आलं की आईच्या बांगड्याच्या तिखल्याची जुनी पाककृती उघडली की माणूस धाकट्याच्या कोकमावर पोचतो. “मसाला माझा आणि गिऱ्हाईक त्याच्या दारात?” गावी अशा वेळी माणूस वाटेवर दगडांचा गडगा घालतो. दादाने तेच केलं. पासवर्ड त्याच्याकडे होता. कुठली वाट कोणाकडे जाते ते त्याला कळेना, म्हणून त्याने सगळ्याच बंद केल्या, स्वतःच्यासुद्धा. वर मला फोन करून सांगितलं, अगदी समाधानाने.

आम्ही आधी दुसऱ्या पानावर घसरलो, मग कुठेच दिसेनासे झालो. माझी इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली आणि मला दोघांचाही भयंकर राग आला. आमच्या जागी दिल्लीकडचा कुणीतरी बसला होता. त्याच्या मालवणी मसाल्यात कसुरी मेथी होती. ऑर्डरी थांबल्या तरी भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. मेथी मात्र दोघांनाही सहन झाली नाही.

“एकत्र करू या परत,” धाकटा म्हणाला. “पण माझी साईट त्याच्या साईटीत घालायची नाही हां.” दादाचंही शब्दशः तेच म्हणणं. मग मी दोघांचीही पानं जुन्या पत्त्यावर आणली, मोडलेल्या वाटा एकेक करून पुन्हा जोडल्या आणि रोज सकाळी चहाच्या आधी धास्तावून नंबर बघत राहिले. हळूहळू आम्ही वर सरकलो. पहिले आलो त्या दिवशी मी चक्क रडले.

त्या रविवारी मुलुंडला जेवताना दादा सहज म्हणाला, “तो जुना पत्ता बाबांच्याच नावावर असेल ना गं? आमच्या दोघांच्या नावावर करून टाक.”

“माझ्या नावावर आहे. पहिल्यापासून,” मी म्हटलं. “वाटणीच्या वेळी कुणी विचारलंच नाही.”

दोघंही जेवायचे थांबले. धाकट्याने दादाकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी सरळ.

“मग आता?” त्याने विचारलं.

“आता काय? वहिवाट आहे,” मी म्हटलं. “वापरा.”