दाजींच्या धमनीतली ती जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आक्काला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तुमचं माझ्याबद्दल चांगलं मत व्हावं, असा माझाही आता आग्रह राहिलेला नाही.

मी सोलापुरात हृदयरोगतज्ज्ञ आहे. नावाजलेला वगैरे — म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये लोक जेवणाच्या पंगतीतून उठून छातीतलं दुखणं सांगायला येतात, तेवढा. मूळचा उजनीकाठच्या गावातला. वडील मोटारपंप दुरुस्त करायचे. पण माझं बोलणं ऐकून तुम्हाला ते कळायचं नाही. ‘न्हाय’चं ‘नाही’ करायला मी जेवढी मेहनत घेतली, तेवढी डॉक्टर व्हायलाही घेतली नसेल. कसली मेहनत, आणि कशासाठी!

दाजी म्हणजे आक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे माग आहेत. खडखडाटात जन्म गेल्यामुळे आवाज मोठा. दवाखान्याच्या दारातूनच विचारायचे, “आमचं डागदर हायती का?” रांगेतले लोक हसायचे. नर्सेस हसायच्या. मला मात्र अंगावर झुरळ पडल्यासारखं व्हायचं. ज्या माणसानं माझ्या प्रत्येक परीक्षेच्या निकालाला अख्ख्या कारखान्यात पेढे वाटले, त्याची मला लाज वाटायची. लाज हा शब्दही सौम्य झाला. मी त्यांना तुच्छ समजायचो.

दिवाळीनंतर ते सांगू लागले — जिना चढला की छातीवर कुणीतरी बसल्यागत होतंय. गॅस आहे, म्हणालो. पुन्हा सांगितलं, तेव्हा मी मोबाईल बघत होतो. शेवटी आक्काचा फोन आला म्हणून अँजिओग्राफी ठरवली. तीसुद्धा कटकट मिटवावी तशी.

त्या तपासणीत माणूस जागा असतो, आणि जागे दाजी गप्प कसे राहतील? “सिस्टर, तुमच्यातलं टॉवेल असलं खरबरीत कशापायी वो? मी धाडून देतो की चांगली!” सगळे हसले. काचेपलीकडे पुण्याहून आलेले एक मोठे डॉक्टर आमचं काम बघत उभे होते. तेही हसले. आणि मी — समोरच्या पडद्यावर माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं हृदय धडधडत असताना — त्या डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

माझ्या हाताखालच्या डॉक्टर रुबिनानं ती जागा पाहिली. मुख्य धमनीत, वरच्या भागात. अडथळा फार नव्हता, पण तिथली कड धुरकट होती. ती हळूच म्हणाली, “सर, आतून बघू या का?”

आतून म्हणजे काय, ते सांगतो. अँजिओग्राफीत दिसते ती फक्त धमनीतल्या रक्ताच्या वाटेची सावली. भिंतीच्या आत काय साठलंय, ते दिसत नाही. त्यासाठी उदबत्तीच्या काडीहून बारीक नळी धमनीत सरकवतात. तिच्या टोकाशी असलेल्या प्रकाशानं भिंतीचा थर न् थर दिसतो. चरबी कुठे आहे, तिच्यावरचं आवरण जाड आहे की फाटायला आलंय, सगळं. ती नळी बाजूच्या कपाटातच होती. आणि हे तंत्र का वापरावं, यावर मी गावोगाव भाषणं देत होतो! सावलीवर विश्वास ठेवू नका, असं ऐटीत सांगायचो. टाळ्या पडायच्या.

“गरज नाही,” मी म्हणालो.

का म्हणालो? वेळ नव्हता? भरपूर होता. शंका नव्हती? होती — ती धुरकट कड मलाही दिसली होती. मग? दाजींनी आणखी एक वाक्य बोलायच्या आत मला ते त्या टेबलावरून उतरायला हवे होते. बस. एवढंच. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. सापडलं नाही.

काही आठवड्यांनी कारखान्यातच ते कोसळले. मी तेव्हा पुण्यात होतो — भाषण द्यायला, आणि विषय कुठला ते वेगळं सांगायला नको. रुबिनानं धावपळ करून धमनी उघडली, आतून पाहिलं, स्टेंट बसवला. मी परतल्यावर तिनं मला रेकॉर्डिंग दाखवलं. चरबीचा गोळा, वरचं पातळ आवरण फाटलेलं.

“सर, तीच जागा,” ती म्हणाली. तिनं पडदा बंद केला.

बाहेर आक्का बसली होती. “तवा नव्हतं का रं हे?”

“नव्हतं, आक्का. अचानक होतं असं.”

बघा, किती बेमालूम! असं अचानक होतंही काही जणांना. खोटं बोलतानासुद्धा मी वैद्यकशास्त्राला साक्षीला उभं केलं.

दाजी वाचले, पण हृदयाचा बराच स्नायू गेला. आता माग मुलगी बघते. ते घरी खुर्चीत बसून असतात. बोलताना मधेच थांबून श्वास घेतात. आवाज इतका बारीक झालाय, की माझ्या केबिनबाहेर आले तरी आता कुणी हसत नाही. हवं होतं ना मला हेच?

गेल्या आठवड्यात ते तपासायला आले. एकटेच. शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, “डागदर, मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. नळी घालून आतलं बघत्यात. तवा आमचं तसं बघितलं असतं, तर दिसलं असतं का वो?”

त्यांच्या नजरेत संशय नव्हता. नुसतं कुतूहल होतं.

“नाही, दाजी,” मी म्हणालो.

“मग ठीक हाय.” त्यांनी मान हलवली, श्वास घेतला. “तुमची आक्का उगाच कायबाय बोलती. म्हनती, भावानं माज्या नीट बघितलं न्हाय. लई बोललो मी तिला काल. रडली. पर म्हनलं, आमच्या डागदरवर आळ घ्यायचा न्हाय.”

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते उठले, आणि भिंतीचा आधार घेत बाहेर गेले. मी पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली.

दिसलं असतं, दाजी.