अश्केलोनचं अतिशहाणं घर

"भविष्यकाळ बघायला ये," असं अव्हीने ईमेलमध्ये इंग्रजीत लिहिलं आणि मी तिकीट काढलं. ही २००७ सालची गोष्ट. ठाण्यात नवऱ्याबरोबर वायरिंगची कामं घेणाऱ्या बाईला भविष्यकाळाची विशेष हौस नसते. माझं खरं कारण होतं रिबकामावशी. ती अव्हीची आई आणि एके काळची रेवदंड्यातली आमची शेजारीण. मी शाळेत असताना ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातलं ज्यू कुटुंब कायमचं इस्रायलला गेलं. अव्ही तिकडेच जन्मला.

इस्रायलला जाणार असाल तर विमानतळावरच्या प्रश्नांच्या सरबत्तीची तयारी ठेवा. उत्तरं सरळ द्या, विनोद करू नका. मी केला, आणि बॅगेतल्या लोणच्याच्या बरणीची कुंडली मांडून झाल्यावरच मला सोडलं. शहरात शिरताना प्रत्येक छतावर सौर बंब आणि पांढरी टाकी दिसते. ऊन पडलं की पाणी तापतं, ना इंटरनेट लागतं ना कंपनी. हे पाहून मी खूश झाले, पण अव्हीला त्याचं काही कौतुक नव्हतं.

त्याचं ऑफिस तेल अवीवमध्ये, सगळं काचेचं. तिथे खुर्चीसुद्धा आपल्याला नीट बसायला शिकवते. ही मंडळी घराघरात इंटरनेटला जोडलेली वीजयंत्रणा बसवतात. खोलीत माणूस हलला की दिवा लागतो, हलायचा थांबला की विझतो, आणि सगळा हिशोब दूरच्या पडद्यावर उमटतो. आमच्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, पण पाहुणी म्हणून मी गप्प बसले.

"हे इमाचं घर," अव्ही पडद्यावरची रेघ दाखवत म्हणाला. इमा म्हणजे आई. "ती एकटी राहते ना, मला इथून सगळं दिसतं. शुक्रवार बघ. संध्याकाळी लाईट नाही, काही नाही. लवकर झोपते. लोकांना मी हेच दाखवतो, किती बचत!"

"तू शेवटचा कधी गेलास तिकडे?"

"दिसतं ना इथून," तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारनंतर शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंतच्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या तयारीत बसगाड्या बंद होतात, हे नवख्या प्रवाशाने पाठच करावं. मी सकाळीच शेरूत, म्हणजे शेअर टॅक्सी पकडली. बसपेक्षा जरा महाग, पण भरली की सुटते. अश्केलोनला समुद्र आहे, तो मात्र रेवदंड्याहून निळा आणि स्वच्छ आहे, हे जड मनाने मान्य करते. मावशीने मला तिच्या जाड भिंतींच्या खोलीत उतरवलं. रॉकेटचा भोंगा वाजला तर सगळ्यांनी जायची ती खोली, तेवढीच रिकामी होती.

"सुकलीस गो बाय," ती म्हणाली. नारळाच्या रसातली माशांची आमटी आणि भात असा बेत होता. आमटी थेट माझ्या आईच्या हातची. मी दोनदा भात घेतला.

सूर्य मावळायच्या आत मावशीने शब्बाथचे दिवे लावले, प्रार्थना म्हटली आणि हॉलमधल्या खुर्चीत जाऊन बसली. मग हललीच नाही. मी आपली गप्पा मारत होते. थोड्या वेळाने मी पाणी आणायला उठले आणि छताचा दिवा भक्कन लागला. मावशीने डोळे मिटून घेतले.

आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. शब्बाथला दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही. या घरात पाऊल उचललं की दिवा लागतो. म्हणजे पाऊलच उचलायचं नाही.

"दर शुक्रवारी अशी बसतेस?"

"मग काय करू? बोर्डावर घड्याळ होतं आधी. ते आपलं आपण बत्ती लावायचं, बंद करायचं. अव्हीने काढून टाकलं."

"आणि बाथरूम?"

"आधीच जाऊन येते. पाणी कमी पिते."

मला भयंकर राग आला. माणूस हलला की टिपणारे ते यंत्राचे डोळे भिंतीवर होते, त्यांच्यावर चिकटपट्टी लावू का, म्हणून विचारलं. "आता नको. आणि नंतर लावलीस तर त्याच्याकडे घंटी वाजते," ती म्हणाली. "त्याला काय सांगू नको बाय. सांगितलं तर म्हणेल, इमा, तुला झेपत नाय, चल बेत-अवोतमधी." बेत-अवोत म्हणजे वृद्धाश्रम. "घर जायल माझं."

रेवदंड्यात दर शनिवारी सकाळी माझी आई न सांगता त्यांच्याकडे जायची आणि चूल पेटवून स्वतःपुरता चहा टाकायची; चूल मग त्यांच्यासाठी पेटती राहायची. त्या घरातलं कुणी तिला तसं कधी सांगत नसे, शब्बाथला दुसऱ्यालाही काम सांगायचं नसतंच. मीही काही विचारलं नाही. हॉलपासून बाथरूमपर्यंत येरझारा घालायला लागले. म्हटलं, मला जेवल्यावर चालायची सवय आहे. मी चालत होते तोवर दिवे जळत होते. मावशी त्या उजेडात उठली, आत जाऊन आली, ग्लासभर पाणी प्यायली आणि मग रेवदंड्यातल्या माणसांची एकेक चौकशी करत बसली. शनिवारी अंधार पडेपर्यंत मी पाय दुखेस्तोवर फिरले.

रविवारी वाळवंटातल्या मित्स्पे रामोनला गेले. बस बदलावी लागते, परतीची वेळ आधीच विचारून घ्या. कड्यावर उभं राहिलं की खाली नुसती मोकळी, रंगीत जमीन पसरलेली. पाहून गप्प व्हायला हवं होतं, पण मी तिथूनच अव्हीला फोन लावला. मावशीचा शब्द मोडला, त्याचं मला वाईट वाटत नाही.

 तो काँप्युटर बघून म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी दिवे आपले आपण चालायची सोय आहे यात, पण सुट्टीचा दिवस रविवार आहे. हे मॉडेल जर्मनीसाठी केलेलं."

"तुझी आई जर्मनीत राहते?"

ज्या देशात शब्बाथला बससुद्धा थांबते, तिथे बसून या पठ्ठ्याने स्वतःच्या आईला रविवारची रजा दिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वृद्धाश्रमाचं नाव काढणार नाहीस, हे मी त्याच्याकडून वदवून घेतलं. "बेसेदर, बेसेदर," तो म्हणाला, म्हणजे ठीक आहे. "मी या आठवड्यात करून टाकतो. इमाला सांगतो."

ठाण्याला परतल्यावर लोक विचारतात, काय पाहिलंस? मी समुद्र सांगते, मित्स्पे रामोन सांगते, जरूर जा म्हणते. स्मार्ट घराबद्दल विचारलं तर म्हणते, बसवा खुशाल, पण आधी त्या घरात एक आठवडा मुक्कामाला राहा.

काही आठवड्यांनी मावशीला फोन केला. दिवे आता नीट चालतात, म्हणाली. शुक्रवारी आपले आपण लागतात, आपले आपण विझतात. ती घरभर फिरते, हवं तेवढं पाणी पिते.

"अव्ही येऊन करून गेला ना?"

"मला पण वाटलं येल. करून टाकतो म्हणाला, म्हणून सांदणं केली होती त्याच्यासाठी. त्याला आवडतात." मग म्हणाली, "यायला नाय लागलं त्याला. तिकडूनच झालं."