मावशीला चहा चालतो का?

मंडळी, आज राजुऱ्याची मावशी आमच्याकडे आली आणि गावात भांडण पेटलं. कोरोनामुळे घरात पाहुणे बसवायला बंदी आहे ना!

पोलीस पाटील दारातच आडवे आले. "घरात पाहुणे नाई!"

आई तापली. "मोहफुलं वेचाले सारे संगं जाता, मंग माह्या बहिणीले चहा काऊन नाई?"

झालं! अर्धं गाव आईकडून, अर्धं पाटलांकडून. ऊन चढलं, तसे सारे भांडत भांडत पाटलांच्याच घरात मांडीला मांडी लावून बसले.

इकडे आई-मावशीचा आमच्या अंगणात चहा पिऊन झाला, दोघींच्या सासवांची उणीदुणीही काढून झाली.

मावशी निघाली, तेव्हा पाटील धावत आले. "ठरलं! अंगणात बसले तर चालते."

मावशी म्हणाली, "बरं भाऊ. मंग तुमच्या घरातले पाहुणे कवा उठवता?"