जिताडा परत आणला

मी लिहायला बसलोय, याची आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहायची रीत नाही. बा अंगठा उठवतो. आईला तोही कधी उठवू दिला नाही, कारण तिच्या नावावर काही नव्हतंच. मी इंजिनिअर झालो खरा, पण इंजिनिअरने नकाशे काढावेत, असलं काही लिहू नये. कोणाला वाटेल, एक मासा परत आणला, त्यात एवढं काय? मलाही अधूनमधून तसं वाटतं. मग तो हॉल आठवतो आणि डोकं तापतं.

नेरूळच्या एका नव्या सोसायटीतला हॉल. मी मधोमध उभा. दोन्ही हातांवर जिताडा आडवा धरलेला, एका बाजूचे खवले काढलेले, दुसऱ्या बाजूचे तसेच. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. समोर सोफ्यावर घराचे मालक, म्हणजे आमच्या कॉलेजचे विभागप्रमुख, त्यांच्या शेजारी एक पाहुणे आणि पाहुण्यांचा मुलगा समीर. समीर माझ्याच वर्गातला. प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर असायचा.

"हा बघा," सर पाहुण्यांना म्हणाले. "याला म्हणतात जिताडा. बाजारात असा मिळायचा नाही. आमचा खास कोळी आहे हा. घरपोच आणून देतो, साफ करून."

पाहुणे पुढे वाकले. "वा! काय रे, आमच्याकडे देशील का आणून? वाशीला? पत्ता लिहून घे."

मी सरांकडे पाहिलं. वाटलं, आता सांगतील. एकच वाक्य होतं. हा माझा विद्यार्थी आहे. ते हसत राहिले. मी समीरकडे पाहिलं. त्याने टीपॉयवरच्या लिफाफ्यांवर नजर लावली होती.

आणि मी कोळीही नाही. आम्ही आगरी. भात, मीठ आणि खाडी, तिन्हीवर जगलेली माणसं. सरांची सोसायटी उभी आहे तिथे आमच्या गावाची भातखाचरं होती. सर आमच्यात राहायला आले, आम्ही त्यांच्यात नाही.

मी तिथे कसा गेलो ते सांगतो.

माझं गाव करावे. नवीन शहरासाठी जमीन गेली तेव्हा मी शाळेत होतो. शेतात मातीचे भराव पडले, रस्ते झाले, आणि गाव खाली राहिलं. आता पाऊस आणि भरती एकदम आली की वरच्या शहराचं पाणी आमच्या घरात येतं. हे पाणी असं का वागतं, याचा मला लहानपणापासून राग होता. त्यातूनच सिव्हिल इंजिनिअरिंगला गेलो. गावातला पहिलाच. तिसऱ्या वर्षी लायब्ररीत अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं माहितीपत्रक हाती लागलं. भरती, किनारा, बांध, याच विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. मला वाटलं, हे माझ्यासाठीच छापलंय. कोणाला बोललो नाही. बोलायची लाज वाटली.

इंग्रजीच्या परीक्षा दिल्या. मार्क चांगले आले. मग कळलं, तीन शिफारसपत्रं लागतात, आणि त्यातलं एक विभागप्रमुखांचं लागतंच.

आमच्याकडे एक पद्धत होती. शिफारसपत्र सर लिहीत नाहीत. ज्याला हवं त्याने स्वतःच स्वतःबद्दल लिहून, टाइप करून न्यायचं. सर खाली सही करतात, लिफाफा चिकटवतात आणि चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करतात, म्हणजे तिकडच्यांना वाटावं की पत्र विद्यार्थ्याने पाहिलेलंच नाही. समीरचं पत्र त्याच्या वडिलांच्या ऑफिसातल्या स्टेनोने केलं होतं. त्यात तो असामान्य होता. मी माझं लिहायला बसलो तर एक ओळ सुचेना. स्वतःचीच स्तुती, तीही इंग्रजीत. शेवटी लिहिलं, हा मुलगा प्रामाणिक आहे आणि पाण्याबद्दल खूप प्रश्न विचारतो. सरांनी वाचून ओठ वाकडा केला. "हे काय निबंध लिहिलायस? ठेव. बघू." मग थोडं थांबून म्हणाले, "करावे म्हणजे अगदी खाडीवरच ना रे तुम्ही?"

झालं. तिथून सुरू झालं.

आधी कोळंबी. मग निवट्या. मग चिंबोऱ्या, जिवंत, टोपलीत बांधून. दर वेळी सर म्हणायचे, पुढच्या आठवड्यात सही. मला काहीच वावगं वाटलं नाही, हे आज लिहिताना सगळ्यात जास्त झोंबतं. कारण आमच्यात हीच रीत. काम असलं की साहेबाच्या दारात मासा न्यायचा. लहान कामाला लहान. मोठं काम असेल तर जिताडा. खाडीतला मोठा जिताडा आम्ही घरी खात नाही. तो कोणाचा तरी असतो. आजा तो खोताच्या घरी न्यायचा. बाने जमीन मोजायला आलेल्या साहेबाला दिला. जाळ्यात जिताडा आला की आई चूल पेटवत नसे, विचारायची, "आता कोनाचा काम हाय?"

माझं काम होतं. बा उधाणाची वाट बघत दोन पहाटे खाडीत उभा राहिला. जिताडा मिळाला तेव्हा त्याने तो ओल्या गोणपाटात असा गुंडाळला जसं कोणी बाळ गुंडाळतं. माझ्या हातात देताना म्हणाला, "आता त्याचा पेन चालतो का नाय बघ."

रविवारी सकाळी मी नेरूळला गेलो. अंगात बरा शर्ट होता, एकच होता. काखेत फाइल, हातात गोणपाट. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, दार उघडलं. "अगं बाई, ठिबकतंय! तिथेच थांब, थांब. चपला खाली ठेव." मग फाइल माझ्या हातातून घेऊन चपलांच्या स्टँडवर ठेवली आणि मला मोरीत नेलं. विळी पुढे सरकवली. "तूच कर बाबा. तुम्हा लोकांना सवय असते. आमच्या बाईला खवले काढता येत नाहीत, सगळ्या भिंतीला चिकटवते."

मी बसलो. खवले काढायला लागलो. हॉलमधून समीरच्या वडिलांचा आवाज येत होता. समीर कुठे राहील, थंडी किती असते, त्याच्या मामाचं घर विमानतळापासून किती लांब. बशांचा आवाज. तेवढ्यात सरांनी हाक मारली. "अरे, आहे तसाच आण बाहेर. दाखव जरा."

मी आहे तसाच गेलो. पुढचं वर लिहिलंय.

पाहुण्यांनी पत्ता सांगायला सुरुवात केली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "सर, माझं पत्र?"

सर समीरच्या लिफाफ्यांवर आडव्या सह्या करत होते. मान वर न करता म्हणाले, "आधी मासा होऊ दे. घाई कसली? तू काय उद्या विमानात बसतोयस?"

पाहुणे हसले. काकू दारातून हसल्या. सरांना ते हसणं आवडलं असावं, म्हणून आणखी बोलले. "तुला खरंच कशाला रे अमेरिका? तू प्रकल्पग्रस्त. तुला इथेच राखीव नोकरी आहे. समीरसारख्यांचं तसं नाही, बिचाऱ्यांना बाहेर जावं लागतं."

बिचाऱ्यांना.

मी खाली बघितलं. जिताड्याचा डोळा उघडा होता. त्या क्षणी मला सरांचा राग आला नाही. रीतीचा आला. आजाचा आला, बाचा आला, गोणपाट बाळासारखं धरणाऱ्या त्या हातांचा आला. आमची सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची हुशारी या एका माशात होती, आणि तो मासा धरून मी इथे उभा होतो, शर्टावर खवले चिकटवून, वर्गमित्रासमोर.

"सर, मासा परत नेतो," मी म्हणालो.

"काय?"

"मासा परत नेतो. सही नको."

"अर्धा साफ केलेला?" काकू म्हणाल्या. त्यांना तेवढंच दिसलं. "मोरीभर घाण केलीस ती?"

मी मोरीत गेलो. खवले गोळा केले, पाणी ओतलं, जागा धुतली. मला घाण ठेवून जायचं नव्हतं. जिताडा गोणपाटात गुंडाळला, स्टँडवरची फाइल उचलली. सर उठून दारापर्यंत आले. आता आवाज कमी होता. "हे बघ, माझ्या सहीशिवाय तुझी फाइल कुठे उघडणार नाही. डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी जिना उतरलो. खाली वॉचमनने गोणपाट बघितलं. "क्या भाव दिया?"

"बेचना नहीं है," मी म्हणालो.

बा अंगणात जाळं शिवत होता. माझ्या हातात गोणपाट बघून सुई थांबली.

"घरा नवता का साहेब?"

"होता."

"मंग?"

मी सांगितलं. सगळं नाही, कोळी म्हणाले ते नाही. बाचा चेहरा काळा झाला. आमच्यात दिलेला जिताडा परत घेत नाहीत. घराला लागतं म्हणतात. तो उभा राहिला. "शिकून शिकून हा शिकलास? दिलेला मासा परत आनतात? आता तुझा काम कोन करील, तुझी आय?"

"जमीन मोजणाऱ्याला दिला होतास ना बा?" मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "खाल्ला ना त्याने? मग जमीन का गेली?"

बाने हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं. तो परत खाली बसला आणि सुईत दोरा ओवायला लागला. दोरा ओवलेलाच होता.

आई मात्र उठली. गोणपाट सोडलं, उरलेली बाजू साफ केली. त्या दुपारी मी पहिल्यांदा मोठ्या जिताड्याची तुकडी खाल्ली. खाडीकाठी जन्मलो, बावीस वर्षांचा झालो, आणि त्याची चव मला माहीत नव्हती. चव फार चांगली असते. त्याने राग आणखी वाढला. बा जेवला नाही.

कॉलेजात समीरने मला कँटीनमध्ये गाठलं. "यार, एवढं टेन्शन कशाला घेतोस? सॉरी बोल, दोन पापलेट टाक, सर विसरतील."

"तू त्या दिवशी का नाही बोललास?"

"काय बोलायचं होतं?"

"की मी तुझ्या वर्गात आहे."

तो चहा ढवळत राहिला. "माझ्या सह्या चालू होत्या ना रे," तो म्हणाला. खरं बोलला, एवढं मानतो.

प्रोजेक्टच्या सरांचं पत्र आधीच मिळालं होतं. दुसऱ्यासाठी जलशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. नवीन होत्या, वयाने माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. मी टाइप केलेला कागद पुढे ठेवला. त्यांनी पिशवीकडे बोट केलं. "आणि हे काय?"

आईने पिशवीत सुकट घातली होती. मला ठाऊकही नव्हतं. "सुकट, मॅडम."

"सुकट घरी ने. हा कागदही ने. तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते तू कसं लिहिणार?" मग त्यांनी मला बसवलं आणि गावात पाणी कुठून शिरतं, भरावाची उंची किती, भरतीचं पाणी अडवणारी बांधातल्या उघडीची दारं कोण सांभाळतं, असं विचारत राहिल्या. मी फळ्यावर गाव काढलं. पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. त्यात काय आहे ते मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. तसंच असायला हवं म्हणतात.

तिसऱ्या पत्राच्या जागी मी स्वतः एक पान लिहिलं. विभागप्रमुखांचं पत्र जोडलेलं नाही. ते मासे देऊन मिळत होतं. मी देणं बंद केलं. बाकी मला विचारा, मी उत्तर देईन. समीरने ते वाचून कपाळाला हात लावला. "येडा झालास काय? अमेरिकेत फिश लिहून पाठवतोस?" मी पाठवलं.

समीर गेला. मला तुर्भ्याला एका कारखान्यात नोकरी लागली, गटारांच्या देखरेखीची. राखीव नाही, मुलाखत देऊन. घरी आलो की रोज आई आधीच सांगायची, "आज पन नाय आला काय." बा काहीच विचारायचा नाही. त्या दिवसापासून माझ्याशी तो कामापुरतं बोलत होता.

काल अमेरिकेहून पाकीट आलं.

मी अंगणात उभा राहून वाचलं. बा खाडीवरून नुकताच आला होता. टोपलीत जिताडा होता, मोठा, अजून कल्ले हलत होते. त्याने वर बघितलं. "वाच ना. मोट्याने वाच."

मी मराठीत सांगितलं. माझे मार्क त्यांना चांगले वाटले. माझं पान त्यांनी वाचलं. पण नियमाप्रमाणे विभागप्रमुखांचं पत्र नसल्याने अर्ज अपूर्ण धरला आहे. प्रवेश नाही. ते पत्र पाठवलं तर पुढच्या वर्षी पुन्हा विचार होईल.

"म्हंजी त्याचीच सही पायजे," बा म्हणाला.

"हो."

त्याने टोपलीकडे बघितलं. मीही बघितलं. नेरूळ चालत अर्ध्या तासावर. सर अजून तिथेच राहतात. दार उघडलं असतं, विळी पुढे आली असती, आणि पुढच्या वर्षी मी विमानात.

आईने चुलीपासून विचारलं, "आता कोनाचा काम हाय?"

बाने जिताडा शेपटीला धरून उचलला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. "कोनाचा नाय," तो म्हणाला. "चूल पेटव."

तो माझ्याशी नीट बोलला नाही अजून. मला माफ केलं की नाही, माहीत नाही. पण जेवला. काटे वेगळे काढत, सावकाश.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज करणार आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही. दोन पत्रांनिशी. तिसऱ्या जागी माझं तेच पान असेल, फक्त यंदाचा नकार त्यात जोडलेला. अर्ज अपूर्ण आहे म्हणतात. ठीक. अपूर्णच येईल. त्या दारात मी आता मासा घेऊन जाणार नाही, आणि रिकाम्या हातानेही नाही.