केकारवाबद्दल खुलासा

केकारव म्हणजे मोराचं ओरडणं. शब्दकोशात एवढंच दिलेलं असतं. त्याला ‘मधुर’ मी चिकटवलं. डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवताना कोल्हेकुई मी नाक मुरडून सांगायचो आणि केकारव डोळे मिटून. मोराचा आवाज मात्र जन्मात ऐकला नव्हता. ज्या मुलांनी निबंधात ‘मोराचा मधुर केकारव’ लिहिला, त्यांची माफी मागतो. पण मोठी माफी घरातच मागायची होती.

निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एकदा मी शब्दांवर बोललो. मधुर केकारवापर्यंत पोचलो तेवढ्यात समोरून बायको म्हणाली, “अहो, कसला मधुर? शेपटीवर पाय पडलेल्या बोक्यासारखा बोंबलतो मोर!”

तिचं माहेर टिटवाळ्याच्या पुढे, रानाला लागून. तिला विचारून घ्यायला हवं होतं. मी म्हणालो, “तुमच्याकडचा मोर अडाणी असेल.”

कट्टा खो खो हसला. तीही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिने कट्ट्यावर येणं सोडलं. म्हणे गुडघे दुखतात. त्याच गुडघ्यांनी ती बाजारातून कलिंगड उचलून आणायची.

मे महिन्यात तिच्या माहेरी गेलो. पहाटे अंगणात अशी किंकाळी उठली, जणू मांजर, तान्हं मूल आणि रिक्षाचा ब्रेक एकाच वेळी रडत असावीत. कुणीतरी विहिरीत पडलं म्हणून मी पंचावरच, हाती लागली ती केरसुणी घेऊन “धावा, धावा!” करत बाहेर आलो.

मेव्हणा डोळे चोळत आला. “भावोजी, कुणाला वाचवताय? मोर आहे तो.”

कौलांवर बसलेल्या मोराने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तीच किंकाळी मारली.

“अडाणी आहे हो आमचा, सांभाळून घ्या,” मेव्हणा म्हणाला. म्हणजे त्याच्यापर्यंत सगळं पोचलं होतं.

बायको चहा घेऊन दारात उभी होती. हसत नव्हती. तेच लागलं.

“कट्ट्यावर सांगू नकोस हं,” मी म्हणालो.

“मी कशाला सांगू? चारचौघांत मला हसलात, आता चारचौघांत तुम्हीच सांगा.”

दिवाळीपर्यंत टाळलं. मग एका संध्याकाळी तिला कसंबसं खाली नेलं आणि केरसुणीसकट सगळं सांगून टाकलं. ती सांगत होती तो मोर खरा, मी सांगत होतो तो माझ्या मनातला, हेही सांगितलं.

“सर, नेमका कसा ओरडतो ते करून दाखवा की!” कट्टा ओरडला.

मी करून दाखवलं.

“हा मोर नाही, कुकरची शिटी आहे!”

तेव्हा ती कडेच्या बाकावरून उठली. “ह्यांना नाही जमायचं.” पदर खोचला, मान लांब केली आणि असा आवाज काढला की गेटवरचा वॉचमन काठी घेऊन धावत आला.

“काय झालं, काकी?”

“काही नाही रे, केकारव,” ती म्हणाली, आणि पुढच्या बाकाशी येऊन मला म्हणाली, “सरका जरा, बसू द्या.”